पाटण : गणिताचे गाव पुन्हा नांदते करताना

चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर सातमाळ्याच्या डोंगररांगेत एक अर्धगोल खोरे आहे. तिन्ही बाजूंना कडे, मधे अंजन आणि सागाचे रान, पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धवलतीर्थ आणि केदारकुंड, आणि या सगळ्याच्या कुशीत चंडिकेचे देऊळ. खानदेशात ही जागा पाटणादेवी म्हणून ओळखली जाते. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. एरवीही लोक येतात, नवस फेडतात, धबधब्याखाली भिजतात आणि अंधार पडायच्या आत परततात. या खोऱ्याच्या तोंडाशी एकेकाळी बाजारपेठ, देवळे आणि विद्यापीठाच्या तोलाचा मठ असलेले पाटण नावाचे नगर होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

नगर येथे का वसले, याचे उत्तर डोंगरात आहे. दख्खनच्या पठारावरून तापीच्या खोऱ्यात उतरायला सातमाळ्यात मोजक्याच वाटा आहेत आणि त्यांतली एक पाटणशी उतरते. पैठणहून उत्तरेकडे जाणारा माल या बाजूने खाली येई. वाटेच्या माथ्यावर, आज कन्नड तालुक्यात मोडणारी पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यांचे खोदकाम सुरू झाले आणि तिथल्या दानलेखांत पैठणच्या व्यापारी घराण्यांची नावे आहेत. गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला मितदेव हा त्यांपैकी एक. याच लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वाट व्यापाराची, दाते व्यापारी आणि वस्ती भिक्षूंची, अशी ही रचना होती.

हजाराहून अधिक वर्षांनंतर पाटणवर निकुंभ घराण्याची सत्ता दिसते. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक सोळाशे गावांच्या मुलखावर राज्य करीत. त्यांच्यातल्या इंद्रराजाने शिवमंदिर बांधायला घेतले. तो वारल्यावर राणी श्रीदेवीने अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहिला आणि त्या काळात मंदिर पुरे झाले. शके १०७५ चा, म्हणजे इसवी ११५३ च्या सुमाराचा लेख ही हकीकत सांगतो. पाटणचे महादेव मंदिर ते हेच. वरच्या कन्हेरगडाच्या उतारावर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी आहेत; नागार्जुन कोठडीत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. एका दिवसाच्या पायपिटीत बौद्ध, जैन आणि शैव अशा तिन्ही परंपरांची कामे पाहायला मिळतात, असे ठिकाण खानदेशात विरळाच.

पाटणचा खरा ठेवा मात्र एका दानलेखात आहे. तो शके ११२८ चा, म्हणजे इसवी १२०६-०७ चा. श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण लागले असताना निकुंभ राजा सोइदेव याने पाटणच्या मठाला उत्पन्न तोडून दिले. मठ कशासाठी, तर गणिती भास्कराचार्यांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांच्या घराण्यातल्या विद्वानांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. मठ स्थापणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी. (मुक्ताईनगरजवळच्या चांगदेव गावाशी जोडलेल्या योगी चांगदेवांशी त्याचा संबंध नाही, जळगाव जिल्ह्यात या दोघांची गल्लत नेहमी होते.) लेखात या घराण्याच्या पिढ्या ओळीने दिल्या आहेत. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल यादवाने याच नगरातून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले, असेही त्यात म्हटले आहे. स्वतः भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, इसवी १११४ चा. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड हे आपले गाव असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि पाटणच्या अभिमान्यांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. भास्कराचार्यांचे घराणे येथे राहिले, शिकवत राहिले आणि त्यांच्या ग्रंथांसाठी येथे मठ उभा राहिला, एवढे दगडावर कोरलेले आहे. अभिमानासाठी तेवढे पुरेसे आहे.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि भाषेइतकेच त्यातले हिशेबही मोलाचे आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला जे उत्पन्न मिळे, त्यातला वाटा मठाला दिला आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला जायचे. बहुधा ते दिव्यांत जळत असेल आणि त्याच्या उजेडात रात्रीचे अध्ययन चालत असेल. बाजार चालला की मठ चालेल, मठाला लोक आले की बाजार वाढेल, असा हा व्यवहार होता. आज वारसा-पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांनी हा दानलेख बारकाईने वाचावा. बाहेरून येणाऱ्या पैशातला ठरलेला हिस्सा गावातल्या विद्येकडे वळवण्याची तरतूद त्यात आठशे वर्षांपूर्वी केलेली आहे.

यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले. पुढे खानदेशच्या व्यापाराचा ओघ बऱ्हाणपूर ते सुरत या तापीकाठच्या रस्त्यावर गेला. त्या रस्त्यावरची गावे वाढली. धरणगावला तर सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. डोंगराच्या पायथ्याचे पाटण मात्र ओसरत गेले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात त्याची नोंद उजाड गाव अशी आहे. त्याआधीच डॉ. भाऊ दाजी लाड यांनी येथील लेख शोधून काढला होता आणि १८६५ मध्ये भारतीय ज्योतिर्विदांवरच्या आपल्या निबंधात तो जगापुढे आणला होता. पुढे संस्कृतचे अभ्यासक कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. म्हणजे विद्वानांच्या जगात पाटण जिवंत झाले ते गाव उजाड असतानाच.

या डोंगरांतल्या तरुणांच्या रोजगाराचा प्रश्नही जुना आहे. इंग्रजी राजवट आल्यावर सातमाळा आणि सातपुड्यातल्या भिल्लांनी तिच्याविरुद्ध शस्त्र धरले. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभारली. डोंगरातल्या तरुणांना पलटणीत घेतले आणि त्यांच्याकडूनच डोंगराचा बंदोबस्त केला. त्याच सुमारास सातमाळ्याकडच्या भिल्लांसाठी कन्नडला स्वतंत्र एजन्सी नेमली गेली. चाळीसगाव ते कन्नड या घाटाला आजही आउट्रमचे नाव आहे आणि १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यालाही. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पाटणादेवी, कन्हेरगड, पितळखोरे ही सगळी ठिकाणे त्यात किंवा त्याच्या कडेला येतात. डोंगरातल्या पोरांना त्या काळी नोकरी मिळाली ती आपल्याच रानाची राखण दुसऱ्याच्या हुकमाने करण्याची. आज त्याच रानाच्या राखणीतून आणि ओळखीतून त्यांची स्वतःची उपजीविका उभी राहू शकते का, असा प्रश्न आहे.

पायथ्याच्या गावांचे आणि बंजारा तांड्यांचे वर्ष कसे चालते, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. येथली शेती बरीचशी पावसावरची. कापूस, मका, ज्वारी, बाजरी. दसरा झाला की चाळीसगाव तालुक्यातले असंख्य कोयते मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरे बरोबर जातात, शाळा तुटते, आणि परत येणे होते ते उन्हाळ्याच्या तोंडावर. पाटणादेवीला सर्वाधिक गर्दी होते ती श्रावणात धबधब्यांसाठी आणि नवरात्रात यात्रेसाठी. म्हणजे आज जो काही पर्यटनाचा पैसा येतो, तो लोक गावात असतानाच संपतो, आणि काम नसलेले सहा महिने तसेच कोरडे राहतात. पावसाळी गर्दी आणखी वाढवल्याने हे स्थलांतर थांबणार नाही. दिवाळी ते होळी या काळात पाटणला काय करता येईल, हा विचार आधी व्हायला हवा, आणि योजनांच्या कागदांत नेमका तोच दिसत नाही.

थंडीचे दिवस या खोऱ्यासाठी उत्तम आहेत. वाटा कोरड्या असतात, लेण्यांपर्यंत चढता येते, पक्षी दिसतात, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात. सहलीला आलेल्या मुलांना गणित शिकवण्यासाठी पाटणसारखी जागा नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे उदाहरण आहे : बत्तीस हात उंचीचा बांबू मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. हे उदाहरण खऱ्या बांबूने, दोरीने आणि जमिनीवर आखलेल्या रेषेने सोडवता येते. त्याच ग्रंथात सावलीवरून उंची काढण्याचे प्रकरण आहे. एक काठी रोवून तिची सावली मोजली आणि त्याच वेळी देवळाची सावली मोजली, की देवळाची उंची सहावीतला मुलगाही काढू शकतो. हे करून दाखवायला गावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पुरे. त्यासाठी शहरातून कोणी आणावे लागत नाही.

रात्रीही येथे दाखवण्यासारखे काही आहे. ग्रहगणितासाठी मठ चालवणाऱ्या गावावरचे आकाश आजही शहरांच्या दिव्यांपासून बरेचसे दूर आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे वनखात्याने आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून प्रकाश खाली झाकला. पाटणला मान्यतेची वाट पाहण्याचीही गरज नाही. एक चांगली दुर्बीण आणि आकाश ओळखणारे चार-सहा तरुण असले, तर हिवाळ्यातली प्रत्येक अमावास्या हा एक कार्यक्रम होऊ शकतो. पाहुणा रात्री थांबला की जेवणाचे, झोपण्याचे आणि सकाळच्या न्याहारीचे पैसे गावात पडतात. दिवसा येऊन जाणारा माणूस गावात कचऱ्याखेरीज फारसे काही ठेवत नाही.

तरुणांनी या कामात शिरायला आधीच सुरुवात केली आहे. गेल्या काही वर्षांत खानदेशात गडसंवर्धनासाठी श्रमदान करणारे गट उभे राहिले. सुटीच्या दिवशी ते किल्ल्यांवर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, वाटा मोकळ्या करतात, दिशाफलक लावतात. हा उत्साह फार मोलाचा आहे आणि त्याला जाणकारांची जोड मिळाली पाहिजे. जुन्या बांधकामावर सिमेंट फासले की आतला ओलावा कोंडतो आणि दगड आतून फुटतो. मूळ चुन्याचे काम चुन्यानेच करावे लागते. मूर्तींना तैलरंग दिला की कोरीव काम बुजते. टाके उपसताना गाळात निघालेली खापरे आणि नाणी कुठे सापडली याची नोंद न करता उचलली, तर त्यांचे अर्धे मोल तिथेच संपते. पितळखोऱ्याचा खडक मुळातच कच्चा आहे, वरून ओढा वाहतो, पाणी झिरपते. तिथे साफसफाईसुद्धा पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय करू नये. १९५० च्या दशकात या लेण्यांतला राडारोडा काढताना जी शिल्पे हाती लागली, त्यांच्यामुळे सातवाहन काळाच्या कलेविषयी नवे काही कळले, कारण पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्या कामाची काटेकोर नोंद केली होती. गडसंवर्धनातल्या मुलांना पहिला धडा नोंदवहीचाच द्यावा.

कायद्यांची चौकटही समजून घ्यायला हवी, कारण गावातले अनेक बेत तिच्याशी ठेचकाळतात. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. अभयारण्यात वन्यजीव कायदा लागू होतो. म्हणून देवळाजवळ भक्तनिवास, हॉटेल, काचेचा पूल असल्या गोष्टींची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही, आणि त्या होत नाहीत हेच बरे. राहण्याची सोय अभयारण्याबाहेर, पायथ्याच्या गावांत आणि तांड्यांवर, आहे त्या घरांत करायची आहे. स्वच्छ खोली, शौचालय, पिण्याचे पाणी आणि घरचे जेवण एवढेच लागते. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत, शेवभाजी, खापरावरचे मांडे हे जेवण चाळीसगावच्या ढाब्यावर मिळते त्याहून तांड्यावरच्या चुलीवर सरस होते. बचत गटांच्या बायकांनी हे काम हाती घेतले, तर कोयत्यावर न जाण्याचा निर्णय घरात पहिल्यांदा त्याच घेतील.

महाराष्ट्रातच या वाटेने गेलेली गावे आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दी उसळली. तिथे आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पुढे आल्या. प्रवेशशुल्क घेतले, रोजच्या पर्यटकांची संख्या बांधली, गावातल्या मुलांना मार्गदर्शक आणि राखणदार म्हणून उभे केले. पाचगणीजवळचे भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि घराघरांत वाचनाची दालने आली. भिलारला महाबळेश्वरच्या पर्यटकांचा ओघ आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम आयता होता. पाटणला तसे काहीच आयते नाही, म्हणून त्याची नक्कल येथे चालणार नाही. कासकडून मात्र थेट घेण्यासारखे आहे : शुल्क गावांच्या हाती, आणि माणसांची संख्या डोंगराला झेपेल एवढीच.

जपानमधल्या शिराकावा-गो खोऱ्यातले ओगिमाची हे गाव तर पाटणसारखेच डोंगरात अडकलेले. तरुण शहरांकडे गेले, गवताने शाकारलेली उंच छपरांची घरे एकेक करून ओस पडू लागली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र येऊन तीन नियम केले : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. एका घराचे छप्पर शाकारायला सारे गाव जमते, ही त्यांची जुनी रीत त्यांनी चालू ठेवली. १९९५ मध्ये ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. आधी गावाने स्वतःला नियम घालून घेतले, मान्यता चोवीस वर्षांनी आली, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे घोषणा आधी होते आणि जमिनीचे भाव लगेच वाढतात. पायथ्याच्या शेतकऱ्याने रस्त्यालगतचा तुकडा विकला, की पुढे त्याच जागेवर उभ्या राहणाऱ्या रिसॉर्टात त्याच्या मुलाला वेटरचे काम मिळते. ग्रामसभेने जमिनीविषयीचा ठराव पर्यटनाच्या आराखड्याआधी करावा, तो यासाठी.

डोंगर जपण्याचे आणखी एक कारण चाळीसगावच्या लोकांना आता अनुभवाने कळले आहे. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळ्यावर तुफान पाऊस झाला. घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर आला, चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि नदीकाठच्या गावांत गुरेढोरे वाहून गेली. वरच्या उतारांवर झाडोरा किती आहे, यावर खालचे पाणी किती वेगाने येते हे ठरते. पाटणच्या रानात चराईला आवर घालणे, वणवे विझवणे, ओढ्यांवर छोटे बांध घालणे ही कामे पर्यटनाच्या हिशेबात कुठे दिसत नाहीत, पण मार्गदर्शक म्हणून उभी राहणारी मुलेच ती करू शकतात. वर्षभराचा रोजगार हवा असेल तर राखण आणि मार्गदर्शन ही दोन्ही कामे एकाच हातांना द्यावी लागतील.

हे सारे एकट्या पाटणच्या बळावर उभे राहणार नाही. आजूबाजूची ठिकाणे जोडून दोन दिवसांचा फेरा तयार होतो. गिरणाकाठचे बहाळ चाळीसगाव तालुक्यातच आहे. तिथे शके ११४४ चा लेख आहे; भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव याने देवीचे मंदिर बांधल्याचा. म्हणजे या घराण्याच्या दोन शाखांच्या खुणा एकाच तालुक्यात पाहता येतात. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी त्या घरातच काढला. उत्तरेकडे धरणगाव आहे, भिल्ल कोअरचे ठाणे आणि बालकवींचे जन्मगाव. १८९० मध्ये ते तेथे जन्मले. रेल्वेने चाळीसगावला उतरलेल्या पाहुण्याने पहिल्या दिवशी बहाळ आणि केकी मूस पाहून पाटणला मुक्काम करावा, रात्री आकाश पाहावे, दुसऱ्या दिवशी पहाटे महादेव मंदिर आणि नागार्जुन कोठडी, आणि पाय बळकट असतील तर पितळखोऱ्यापर्यंत चढाई. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या गावचा मुलगा किंवा मुलगी सोबत असावी, आणि ती मराठीबरोबर अहिराणीतही बोलावी.

२०१४ मध्ये भास्कराचार्यांच्या जन्माला ९०० वर्षे झाली, तेव्हा ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि देशोदेशींचे अभ्यासक आले. अशी परिषद चाळीसगावच्या एखाद्या महाविद्यालयाने घ्यायला आणि तिचा एक दिवस पाटणच्या देवळापुढे ठेवायला काहीच हरकत नाही. त्याआधी तालुक्यातल्या माध्यमिक शाळांनी वर्षातून एक गणिताचा दिवस पाटणला घालवावा. त्याला निधी लागत नाही. एसटीची एक गाडी, बांबू, दोरी आणि काठी लागते. अशा सहलीमागे ठरलेली रक्कम गावच्या अभ्यासिकेला जावी, असा नियम पहिल्या वर्षापासून ठेवला, तर सोइदेवाने बाजाराला लावलेली तरतूद नव्या रूपात पुन्हा लागू होईल.